उतली तरी मातू नये : घरच्या बिअरचा पहिला घाणा

कॅनडातल्या मराठी घरात आंबवण्याविषयीची तक्रार वर्षानुवर्षे एकच असते : पीठ फुगत नाही. नोव्हेंबर उजाडला की इडलीचे पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून ठेवायचे, विरजणाचे भांडे जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळायचे आणि सकाळी झाकण उघडून काही हालचाल दिसते का ते पाहायचे. थंडीशी भांडून आंबवणे ही आपल्या इथल्या संसारातली एक कलाच झाली आहे.

म्हणूनच आपल्यापैकी कोणी घरी पहिल्यांदा बिअर करायला घेतो, तेव्हा तो याच सवयीने वागतो. बादली हीटिंगच्या जाळीशेजारी, उबेला ठेवतो. यीस्ट कमी पडायला नको म्हणून एकाऐवजी दोन पाकिटे टाकतो. भांडे काठोकाठ भरतो, कारण रिकामी जागा म्हणजे वाया गेलेली बिअर, असा हिशेब असतो. इडलीच्या बाबतीत ही ऊब चालून जाते. बिअरच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी तळघरातून फसफस ऐकू येते, एअरलॉकमधून तपकिरी फेस वर चढतो, आणि नशीब फारच जोरावर असेल तर झाकण उडून छतावर नक्षी उमटते.

यंदा दिवाळीनंतर पहिला घाणा घालायचा विचार करत असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बिअर करायची कशी याची पाककृती किटच्या डब्यावर असतेच. इथे बोलायचे आहे ते पहिल्या तीन दिवसांविषयी, म्हणजे ज्या दिवसांत बिअर उतू जाते त्यांविषयी. उतू जाणे हा फार मोठा गुन्हा नाही, पण त्या वेळी घाबरून केलेली चूक मात्र महागात पडू शकते. कधी बिअरला, कधी गालिच्याला आणि क्वचित हातापायाला.

आधी कायद्याचे बोलू

कॅनडात प्रौढ माणसाला स्वतःच्या आणि घरच्यांच्या पिण्यासाठी घरी बिअर किंवा वाइन करता येते. त्यासाठी परवाना किंवा अबकारी कर लागत नाही. मात्र ती विकता येत नाही. मित्राने ‘माल्टचे पैसे तरी घे’ म्हटले तरी नको. पिण्याचे किमान वय क्यूबेक, अल्बर्टा आणि मॅनिटोबात १८ आहे, बाकी सगळीकडे १९. मंडळाच्या कार्यक्रमात घरची बिअर न्यायची हौस असेल, तर आधी आपल्या प्रांताचे नियम आणि हॉलची परवानगी पाहा. आणि एक गोष्ट स्पष्ट लक्षात ठेवा : ऊर्ध्वपातन करून दारू गाळणे हा वेगळा विषय आहे, तो घरी परवान्याशिवाय बेकायदा आहे.

मायदेशी चित्र वेगळे आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे गुन्हा ठरतो. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ने छोट्या प्रमाणावर ताजी बिअर करून तिथेच द्यायला सुरुवात केली, तीही रीतसर परवाना घेऊनच. तेव्हा इथे शिकलेली विद्या सुट्टीत भावाच्या फ्लॅटमध्ये दाखवायला जाऊ नका.

इथे सामान मिळवणे सोपे आहे. बहुतेक शहरांत घरच्या बिअरची दुकाने आहेत. ओंटारिओ आणि ब्रिटिश कोलंबियात तर दुकानातच जाऊन आपला घाणा घालायचा, आंबवणे त्यांच्या जागेत, आणि तयार झाल्यावर बाटल्या भरून घरी न्यायच्या, अशीही सोय आहे. यीस्टच्या बाबतीत तर आपण माहेरातच आहोत : सुक्या यीस्टसाठी जगभर ओळखली जाणारी लालेमाँ कंपनी मॉन्ट्रियलची, आणि छोट्या ब्रुअरींना द्रवरूप यीस्ट पुरवणारी एस्कार्पमेंट प्रयोगशाळा ग्वेल्फची. मॉन्ट्रियलचे बिअरशी नाते जुने आहे. जॉन मोल्सन यांची ब्रुअरी तिथे १७८६ मध्ये सुरू झाली.

भांड्यात नेमके काय चालते

बार्लीला मोड आणून, वाळवून, भाजून माल्ट तयार होते. त्याचा गोड काढा हॉप्स घालून उकळला की जे तयार होते त्याला वर्ट म्हणतात. किटमध्ये हाच काढा दाट पाकासारखा किंवा सरळ वापरायला तयार असा मिळतो. त्यात यीस्ट पडले की ते आधी हवेतला प्राणवायू वापरून आपली संख्या वाढवते. या काळात वरून काहीच दिसत नाही. सहा तास, बारा तास, कधी पूर्ण दिवसही. नवा माणूस इथेच अस्वस्थ होतो आणि आणखी एक पाकीट टाकतो. टाकू नका. पीठ भिजवल्यावर तासाभराने कोणी इडल्या लावत नाही.

मग एकदम जाग येते. यीस्ट साखर खाऊ लागते आणि तिचे जवळजवळ निम्मे निम्मे करते : अर्धा अल्कोहोल, अर्धा कार्बन डायऑक्साइड. वर फेसाचा जाड, चिकट थर चढतो. जर्मन शब्द उसना घेऊन त्याला क्रॉयझेन म्हणतात. त्यात यीस्ट, माल्टमधली प्रथिने आणि हॉप्सचा कडू चिकट अंश असतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा थर सर्वांत उंच असतो आणि मग हळूहळू खाली बसतो.

जोर किती असतो याचा अंदाज आकड्यांवरून येईल. वीस लिटर साधी पाच टक्क्यांची बिअर होताना सुमारे ८०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खोलीच्या तापमानाला त्याचे आकारमान होते सुमारे ४०० लिटर. म्हणजे तुमच्या बादलीच्या वीसपट वायू बोटाएवढ्या भोकातून बाहेर जायचा असतो, आणि त्यातला बराचसा दोन-तीन दिवसांत. ते भोक हॉप्सच्या चोथ्याने बुजले, तर पुढे काय होणार हे प्रेशर कुकर वापरणाऱ्या माणसाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट उष्णतेची. साखर आंबते तेव्हा उष्णता निघते. वीस लिटरच्या त्याच घाण्यातली सगळी उष्णता भांड्यातच अडकून राहिली, तर बिअर सुमारे बारा अंशांनी तापेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता भिंतींतून निघून जाते, पण जोराच्या काळात भांड्याच्या आतले तापमान खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी जास्त असणे नेहमीचे आहे. इथे एक दुष्टचक्र सुरू होते : उष्णतेने यीस्ट वेगाने काम करते, वेगाने काम केल्याने आणखी उष्णता निघते. खोली २४ अंशांवर असेल, तर यीस्ट प्रत्यक्षात २७–२८ अंशांत काम करत असते.

जोर जास्त झाला तर बिघडते काय

उतू जाणे हा दिसणारा त्रास. खरा त्रास चवीत लपतो. सर्वसाधारण एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. त्याहून बरेच वर, विशेषतः पहिल्या दोन दिवसांत, ते घाईघाईने काम करते आणि जड अल्कोहोल तयार करते. अशा बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण करून देणारा वास येतो, घशाला चटका बसतो, आणि दुसऱ्या दिवशी डोके जड. पिकलेल्या केळ्यासारखा वासही येतो. तो जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हवाहवासा असतो, बाकीच्यांत नको असतो. मुरवून यातले थोडे कमी होते, पूर्ण जात नाही. म्हणून जोर आवरायचा तो छत वाचवण्यासाठी कमी आणि चव वाचवण्यासाठी जास्त.

याला एक अपवाद माहीत असावा. नॉर्वेच्या खेड्यांत शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले विरजण जपावे तसे यीस्ट जपले. त्याला क्वाइक म्हणतात. वॉस भागातले क्वाइक ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ चवीची बिअर करते. उन्हाळ्यात टोरांटोच्या उंच इमारतीतल्या छोट्या घरात, जिथे तापमान आवरणे कठीणच असते, तिथे हे यीस्ट उपयोगी पडते. पण त्याचा वेगही तसाच असतो. ते वापरणार असाल तर खाली सांगितलेली नळी हवीच.

आधीच घ्यायची काळजी

पहिली : जागा सोडा. दूध तापवताना आपण पातेले काठोकाठ भरत नाही, तोच नियम. वीस लिटरच्या घाण्याला २७ ते ३० लिटरची प्लास्टिकची बादली घ्या. २३ लिटरची काचेची बरणी हाताशी असेल, तर त्यात १७–१८ लिटरच घाला. गव्हाचे माल्ट जास्त असेल किंवा बिअर कडक असेल, तर फेस आणखी चढतो. जागाही आणखी सोडा.

नवख्याने काचेपेक्षा प्लास्टिक बरे. भरलेली काचेची बरणी पंचवीस किलोंच्या घरात जाते, ओल्या हातातून निसटते, आणि फुटली की तिचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात. तिच्यात गरम वर्ट ओतू नका, आणि भरलेली बरणी मानेला धरून कधीही उचलू नका.

दुसरी : यीस्ट टाकण्याआधी वर्ट खरोखर थंड करा. ‘हाताला कोमट’ हे माप पोळीच्या कणकेला आणि विरजणाला ठीक आहे, बिअरला नाही. थर्मामीटर लावा आणि १८ अंशांच्या आसपास आल्यावरच यीस्ट टाका. ३० अंशांवर टाकून ‘रात्रीतून थंड होईल’ असे म्हणाल, तर थंड होण्याआधीच ते उसळलेले असेल. हिवाळ्यात आपल्या नळाचे पाणी इतके थंड असते की ही गोष्ट इथे सोपी आहे. मात्र अंगणातल्या बर्फात भांडे रोवण्याचा मोह टाळा. ताज्या हिमात हवा अडकलेली असते, भांड्याभोवतीचा थर वितळून पोकळी होते आणि वर्ट वाटते तितक्या लवकर थंड होत नाही. सिंकमध्ये किंवा टबमध्ये बर्फ आणि पाणी एकत्र करून त्यात भांडे ठेवा, काम लवकर होते.

तिसरी : यीस्ट मोजून टाका. वीस-तेवीस लिटर साध्या एलला ११ ग्रॅमचे एक सुके पाकीट पुरते. तारीख उलटलेली नसावी. दुसरे पाकीट जवळ ठेवा, पण ते दोन दिवसांत काहीच हालचाल दिसली नाही तर.

चौथी : जागा निवडा. आपल्याकडचे तळघर या कामाला उत्तम. हिवाळ्यात तिथली फरशी थंडगार असते. फर्नेसच्या खोलीपासून आणि गरम हवेच्या जाळीपासून दूर ठेवा. उजेड टाळा, हॉप्सला ऊन लागले की बिअरला वाईट वास येतो. गालिचा असलेली खोली नको. बाथटब असेल तर सर्वांत उत्तम; उतू गेले तर शॉवर फिरवला की झाले. ओलसर जुना टी-शर्ट भांड्याला घालून, भांडे थोड्या पाण्याच्या टबात ठेवले की पाणी बाष्प होताना तीन-चार अंश उतरतात. माठाचे तत्त्व, दुसरे काही नाही. फार उष्णता असेल तर त्या पाण्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदला.

पाचवी, आणि सर्वांत महत्त्वाची : पहिले तीन दिवस एअरलॉकऐवजी जाड नळी लावा. हिला ब्लो-ऑफ नळी म्हणतात. एक टोक झाकणाच्या भोकात घट्ट, दुसरे टोक निर्जंतुक पाण्याने अर्ध्या भरलेल्या बरणीत बुडवलेले. वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, फेस आला तर बरणीत जातो, आणि बाहेरची हवा आत येत नाही. नळी जितकी जाड तितकी बरी. बारीक नळी हॉप्सच्या चोथ्याने बुजते. बरणी भांड्यापेक्षा खाली ठेवा आणि काठोकाठ भरू नका, म्हणजे बिअर अचानक थंड झाली तरी त्यातले पाणी उलटे आत ओढले जाणार नाही.

ही युक्ती आजची नाही. इंग्लंडमधल्या बर्टन-ऑन-ट्रेंट गावातल्या ब्रुअरींनी एकोणिसाव्या शतकात तिच्याभोवती सबंध यंत्रणा उभारली. लाकडी पिंपांच्या रांगा, प्रत्येक पिंपाच्या डोक्यावर हंसाच्या मानेसारखी वाकलेली नळी, आणि वर एक लांब पन्हाळे. फेस नळीतून चढून पन्हाळ्यात पडायचा, बिअर परत पिंपात उतरायची आणि यीस्ट वर राहायचे. उतू जाणे थांबवण्याऐवजी त्यांनी त्याला रस्ता करून दिला. याच गावातून बास आणि ऑलसॉप यांची फिकट एल जहाजाने मुंबई-कोलकात्याला जायची. ‘इंडिया पेल एल’ हे नाव त्या व्यापाराची आठवण आहे. मार्स्टन्स कंपनीने ही पिंपे २०२४ पर्यंत चालवली, आणि ती बंद झाल्यावर त्यातला एक संच थॉर्नब्रिज ब्रुअरीने आपल्याकडे नेऊन जपला.

आपल्या कोकणातही हे ज्ञान आहे. माडावरून उतरवलेली माडी काही तासांतच आपोआप फसफसू लागते. तिचे भांडे कोणी घट्ट बुचाने बंद करत नाही.

तरीही उतू गेली तर

समजा, रात्री साडेअकराला फसफस ऐकू आली. एअरलॉक फेसाने भरला आहे, झाकणावर तपकिरी ओघळ आहेत. काय करायचे?

सर्वांत आधी : दाबू नका. एअरलॉकवर बोट ठेवणे, झाकणावर पुस्तके रचणे, टेप गुंडाळणे हे सगळे धोक्याचे. वायू बाहेर जायलाच हवा. तुमचे काम त्याला अडवण्याचे नाही, वाट देण्याचे आहे.

झाकण फुगून घुमटासारखे झाले असेल आणि एअरलॉकमधून बुडबुडे येत नसतील, तर भोक बुजले आहे असे समजा. मुलांना खोलीबाहेर काढा. झाकणावर ओला टॉवेल टाका, चेहरा बाजूला ठेवा, आणि टॉवेलखालून एअरलॉक किंवा झाकणाची एक कड हळूहळू सैल करा. फुस्स आवाज होऊन दाब उतरेल. काचेची बरणी असेल तर चष्मा आणि जाड हातमोजे घालूनच जवळ जा.

दाब उतरला की एअरलॉक काढून धुऊन ठेवा आणि निर्जंतुक केलेली नळी लावा. घरात नळी नसेल तर निर्जंतुक द्रावणात बुडवलेला ॲल्युमिनियम फॉइल भोकावर सैल ठेवा. रात्रभर तेवढे पुरते. आतून वायूचा झोत सतत बाहेर येत असल्याने या काळात बाहेरचे जंतू आत शिरणे कठीण असते. ‘झाकण उघडे राहिले, सगळी बिअर नासली’ असे म्हणून कोणी घाणा ओतून देतो, तेव्हा बहुतेक वेळा तो चांगली बिअर ओतत असतो. सांडलेले मात्र लगेच पुसा. वाळले की गुळाच्या पाकासारखे चिकटते आणि मग माश्या येतात.

मग तापमान पाहा. भांड्याला चिकटवायची पट्टी दुकानात मिळते. २४–२५ च्या वर असेल तर ओला टी-शर्ट आणि टब, आणि दिवसभरात सावकाश २० पर्यंत आणा. घाईने भांडे गॅरेजमध्ये नेऊ नका. बाहेर उणे पंधरा असताना यीस्टला असा धक्का बसला की ते तळाशी जाऊन झोपते, साखर अर्धी तशीच राहते, आणि ती अर्धी साखर पुढे बाटलीत जागी होते. त्या धोक्याविषयी पुढे सांगतो.

फेस उतरवणारे थेंबही दुकानात मिळतात. त्यांत सिमेथिकोन असते, म्हणजे बाळाच्या पोटातल्या गॅसवर देतात त्याच जातीचा पदार्थ. पाकिटावरचे प्रमाण पाळून ते वर्टमध्ये घालता येतात. नळीला पर्याय म्हणून नव्हे, जोडीला.

आणखी एक खबरदारी वासाची. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि बंद, लहान जागेत खाली साचतो. मोठ्या तळघरातल्या एका बादलीने सहसा काही होत नाही, पण बंद कपाटात किंवा जुन्या फ्रीझरच्या पेटीत आंबवत असाल, तर उघडल्या उघडल्या तोंड आत घालून वास घेऊ नका. दार थोडा वेळ उघडे ठेवा, मग पाहा.

फसफस थांबली म्हणजे संपले नाही

चौथ्या-पाचव्या दिवशी फेस खाली बसतो, बुडबुडे विरळ होतात. आता नळी काढून एअरलॉक लावा आणि भांड्याला हात लावू नका. आता तापमान एखाद-दोन अंश वाढले तरी हरकत नाही, उलट यीस्ट मागचा पसारा आवरते. पहिल्या घाण्याला दोन आठवडे द्याच.

इथे खरे महत्त्वाचे वळण आहे. जोरात आंबलेली बिअर लवकर झाली असे वाटते, आणि लोक आठवड्यात बाटल्या भरतात. बुडबुडे थांबले याचा अर्थ आंबणे संपले असा नाही. ते सांगते फक्त हायड्रोमीटर. वर्ट असताना तो १.०५० दाखवत असेल, तर शेवटी साधारण १.०१० दाखवील. दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजा. आकडा जागचा हलला नाही, तरच बाटल्या भरा. या दोन आकड्यांच्या फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलची टक्केवारीही कळते : ०.०४० गुणिले १३१, म्हणजे ५.२ टक्के.

बाटलीत फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर घालतात. लिटरमागे सुमारे ६ ग्रॅम, वीस लिटरला १२० ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून. चमच्याने अंदाजे नाही. आंबणे अपुरे राहिलेली बिअर किंवा जादा साखर बाटलीत बंद झाली, की दाब वाढत जातो आणि काच फुटते. बंद कपाटात एक बाटली फुटली की तिच्या तुकड्यांनी शेजारच्याही फुटतात. उतू गेलेल्या बादलीने छत खराब होते; फुटलेल्या बाटलीने डोळा जाऊ शकतो. सगळ्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा.

बाटल्या बिअरसाठीच बनवलेल्या असाव्यात. वाइनच्या, लोणच्याच्या किंवा चौकोनी ज्यूसच्या बाटल्या हा दाब सोसत नाहीत. पहिल्या वेळी जाड प्लास्टिकच्या बिअरच्या बाटल्या घेतल्या तर उत्तम. दाबून पाहिले की आत दाब किती झाला ते हातालाच कळते. निदान एक तरी प्लास्टिकची बाटली भरा, ती बाकीच्यांची परीक्षा देते. भरलेल्या बाटल्या दोन आठवडे झाकणाच्या खोक्यात ठेवा, मग फ्रिजमध्ये.

आपल्यातले कित्येक जण पीत नाहीत, आणि त्यांनीही हे वाचावे असे वाटते. घरी जिंजर बीअर किंवा कोंबुचा करणाऱ्यांना बाटलीचा हा नियम शब्दशः लागू आहे. आले-गुळाच्या पाण्यातले यीस्टसुद्धा साखर संपेपर्यंत थांबत नाही.

घरची म्हणजे हलकी नव्हे

‘घरचीच आहे, काय होतंय’ हे वाक्य पाहुण्यांच्या तोंडी हमखास येते. घरच्या बाटलीवर टक्केवारी छापलेली नसते, म्हणून ती तुम्ही लिहा. एक चिकटपट्टी : तारीख, नाव, टक्के. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्कोहोल ही गाडी चालवण्याची मर्यादा आहे, आणि अनेक प्रांत त्याच्याही खाली कारवाई करतात. पाहुणे गाडीने आले असतील, तर चव दाखवायला छोटा पेला पुरे, आणि बाकीची बाटली त्यांच्याबरोबर घरी जाऊ द्या. घरात ज्यांना हे आवडत नाही, त्या सासूबाईंचा किंवा आजोबांचाही मान राखा. बादली देवघराच्या भिंतीला टेकवून ठेवण्याची काही गरज नसते.

हे सगळे वाचून भीती वाटायला नको. वर्षानुवर्षे थंडीत पीठ फुगवणाऱ्या घरांना आंबवण्याची नस माहीत आहेच. इथे फक्त ती उलट्या दिशेने वापरायची आहे. उबेऐवजी थंड जागा, घट्ट झाकणाऐवजी मोकळी वाट आणि घाईऐवजी हायड्रोमीटर. दिवाळीचा फराळ संपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला घाणा घातलात, तर दोन आठवडे भांड्यात आणि दोन आठवडे बाटलीत जाऊन नाताळच्या सुट्टीत पहिली बाटली उघडता येईल. त्याआधी नळी आणि थर्मामीटर विकत आणा. किट नंतर आणले तरी चालेल.